इंग्लंडात तीन वाजले की

आई फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गेली. गुरुवारी मी सांगलीला पोहोचले. तेरावं झालं, घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि मार्चच्या शेवटी अण्णांना घेऊन अमेरिकेत, कॅरीला परत आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकून होते. कालव्याचं पाणी कोणत्या गावाला, कोणत्या वारी, किती वाजता आणि किती तास सोडायचं, ह्याचं पाळीपत्रक ठेवणं हे त्यांचं काम. बारा गावं त्यांच्या कागदाबरहुकूम चालत. घरात मात्र वेळापत्रक आईचं होतं. चहा, आंघोळ, गोळ्या, जेवण, सगळं तिच्या हाकेवर. ती हाक थांबली आणि अण्णांना केव्हा काय करायचं ते कळेनासं झालं.

कॅरीत ते वरच्या खोलीत खिडकीशी बसत. समोर रस्ता, रस्त्यावर गाड्या. पायी चालणारं कुणी दिसत नसे. मी एका औषध कंपनीचे कागद तपासण्याचं काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. मधूनमधून वर जाऊन बघे. त्यांना वाचायला दिलेल्या पुस्तकातली खूण चाळिसाव्या पानावर होती आणि तिथेच राहिली. जेवताना मी त्यांचे घास मोजत असे. पाच, कधी सहा. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "मला परत नेऊन सोड."

"तिथे कोण आहे, अण्णा?"

"कुणी नाही. म्हणूनच."

मला त्याचा अर्थ कळला. त्या बंद घरात ते एकटे गेले असते तर ते घासही थांबले असते. मी वाद घातला नाही, वेळ मागून घेतला. ऑक्टोबरच्या शेवटचं तिकीट काढलं आणि तोवर राहा म्हणाले. तिकिटाची छापील प्रत त्यांनी मागून घेतली आणि उशीखाली ठेवली.

त्यानंतरच्या एका रविवारी दाराची घंटा वाजली. आमच्याकडे कुणी आगाऊ मेसेज न करता येत नाही. दारात एक बुटके गृहस्थ उभे होते. डोक्यावर लोकरीची चपटी टोपी, गळ्यात लोकरी मफलर, हातात छत्री. एप्रिल होता. ऊन चांगलंच होतं आणि पाइनच्या पिवळ्या परागाने सगळ्या गाड्या माखल्या होत्या. त्यांनी पायपुसण्यावर बूट पुसले, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा बरी हाय."

हे विलायती काका. सगळे त्यांना तसंच म्हणत. मूळचे इचलकरंजीचे. बाविसाव्या वर्षी उत्तर इंग्लंडातल्या एका गावी कापडगिरणीत कामाला गेले. ती गिरणी बंद पडल्यावर बसवर कंडक्टर झाले, मग ड्रायव्हर, आणि शेवटची काही वर्षं बसची वेळापत्रकं बनवण्याच्या कचेरीत. काकू तिथेच वारल्या. मग मुलाने त्यांना कॅरीला आणलं. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायचे. त्यांचं मराठी पन्नास वर्षांपूर्वीच्या इचलकरंजीचं होतं आणि इंग्रजी त्या गिरणीच्या गावचं. पहिलं त्यांच्या नातवंडांना कळत नसे, दुसरं अमेरिकेत कुणालाच.

लोक भेटायला येत तेव्हा अण्णांजवळ बसून हलक्या आवाजात आईबद्दल विचारत. अण्णा मान हलवत. काकांनी तसं काही विचारलं नाही. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "चालता येतंय न्हवं?"

"येतं," अण्णा म्हणाले.

"आणि पळता?"

"नाही."

"मग तुमची निवड झाली. शनिवारी दहाला, पार्कात. स्वतःचा एक डॉलर आणायचा. लेकीचा चालणार न्हाई."

एवढं बोलून ते उठले. मी चहा ठेवला होता. तो घेतला, पण उभ्याने, आणि कपात आधी दूध घातलं नाही म्हणून माझ्याकडे जरा दुःखाने पाहिलं.

*

इंग्लंडात म्हाताऱ्या माणसांसाठी चालत खेळायचा फुटबॉल असतो. नियम साधे. पळायचं नाही. कोणत्याही क्षणी एक पाय जमिनीवर हवा. चेंडू डोक्यावरून मारायचा नाही, अंगाला अंग लावायचं नाही. पळाला तो फाउल. काकांनी हा खेळ कॅरीत आणला होता. ज्या घरांतून मुलगा आणि सून सकाळी गाड्या काढून निघून जातात आणि आईवडील संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसतात, अशा घरांच्या घंटा त्यांनी एकेक करून वाजवल्या होत्या. पायी. त्यांना अमेरिकेत गाडी चालवायची नव्हती. तीस वर्षं बस चालवली, आता मला कुणीतरी न्यावं, असं त्यांचं म्हणणं. इथे बसच नव्हती, म्हणून ते चालत.

शनिवारी दहा ही वेळ त्यांनी उगाच ठरवली नव्हती. शनिवारी दुपारी तीनला इंग्लंडभर फुटबॉलचे सामने सुरू होतात. तिथे तीन वाजतात तेव्हा कॅरीत दहा. त्यांच्या गावच्या क्लबचा सामना सुरू होण्याच्या क्षणी आपलीही शिट्टी वाजली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तो क्लब चौथ्या दर्जाच्या स्पर्धेत खेळायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. खेळताना काका एका कानात इअरफोनचं बोंड घालून त्याचं धावतं वर्णन ऐकत. आमच्याकडे सगळं सुरळीत चाललेलं असताना ते एकदम मैदानात मधोमध खाली बसत. मग समजायचं, चार हजार मैलांवर गोल झाला, त्यांच्यावर. मी एकदा विचारलं होतं, जिंकणारा एखादा क्लब का धरत नाही. ते म्हणाले, "जो जिंकतोय त्याला माझी काय गरज हाय?"

पहिल्या शनिवारी अण्णा गेले नाहीत. रविवारी पुन्हा घंटा.

"आला न्हाईत."

"माझ्याकडे डॉलर नाही," अण्णा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात होते. अण्णांकडे डॉलर नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात सगळं होतं. जे हवं ते मी आणत होते. पण त्यांच्या खिशात, स्वतःचं म्हणून, इथलं एक नाणंही नव्हतं, आणि ते मला मागणार नव्हते.

"खिशात काय हाय?"

अण्णांनी पाकीट काढलं. प्रवासापासून ते तसंच होतं. आत शंभराच्या नोटा होत्या.

"शंभराला एक," काका म्हणाले. "हा आमच्या बँकेचा दर."

अण्णांनी एक नोट बाहेर काढली आणि म्हणाले, "ह्या दरात माझं नुकसान आहे. आजचा भाव बघितला तर तुम्ही मला वरचे चौदा-पंधरा रुपये परत दिले पाहिजेत."

"बँक म्हंजे तेच की हो," काका म्हणाले.

कॅरीला आल्यापासून अण्णा एका दमात इतकं बोलले नव्हते. मी नळ बंद केला, पुढचं ऐकू यावं म्हणून. पुढे काही नव्हतं. अण्णांनी नोट दिली होती आणि काकांनी ती घडी करून टोपीत ठेवली होती.

त्या डॉलरला काका सब्स म्हणत. तिकडे कुठल्याही क्लबात खेळणारा माणूस दर आठवड्याला आपली वर्गणी आपण देतो. कितीही थोडी असो, पण आपली. इथल्या मुलांनी आधी सांगितलं होतं, काका, आम्ही वर्षाचे एकदम देतो, ऑनलाइन. काकांनी साफ नाकारलं. त्यामुळे बऱ्याच घरांत चमत्कारिक प्रश्न उभे राहिले. नागपूरच्या काकू, ज्या आमच्या गोलकीपर, त्यांनी सुनेला सांगितलं की मी रोज सगळ्यांचे डबे करते, त्याचा आठवड्याला एक डॉलर रोख दे. सून आधी दुखावली, मग हसली, आणि दर शुक्रवारी फ्रिजवर चुंबकाखाली एक डॉलर लावून ठेवू लागली. काकू म्हणाल्या, बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माझा पहिला पगार आहे जी.

जमा झालेले डॉलर काका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून शनिवारीच बँकेत भरत. टाय लावून. बँकेत टाय न लावता गेलं तर मॅनेजरला वाटेल आपण कर्ज मागायला आलोय, हे त्यांचं जुनं मत. पण खेळ, चहा, गप्पा उरकून पायी पोहोचेपर्यंत बँकेचा दरवाजा बंद झालेला असे. फक्त गाडीत बसून व्यवहार करायची बाजूची खिडकी उघडी असे. काका गाड्यांच्या रांगेत उभे राहत. पुढे एक ट्रक, मागे एक मोठी गाडी, मधे टोपी घातलेले काका, छत्री काखेत, डबा हातात. पुढची गाडी सरकली की तेही सरकत. रांगेत दोन गाड्यांमध्ये जेवढं अंतर असतं तेवढं सोडून उभे राहत. पहिल्या वेळी खिडकीतल्या मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, सर, तुम्हाला गाडी लागेल. काका म्हणाले, मी रांगेत होतो की नव्हतो. मॅनेजरने मागच्या गाडीकडे पाहिलं. मागच्या गाडीवाल्याने मान डोलावली, होते. पैसे भरले गेले. गाडीत मूल असेल तर त्या खिडकीतून एक लॉलीपॉप देतात. त्या मुलीने काय विचार केला कोण जाणे, तिने काकांना एक लॉलीपॉप दिला. ते "थँक यू, लव्ह" म्हणाले. त्यांच्या गावात बसच्या प्रवाशापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना लव्ह म्हणतात. ती मुलगी लाजली.

तेव्हापासून दर शनिवारी एक लॉलीपॉप मिळू लागला. पुढच्या शनिवारी तो सामन्यातल्या उत्तम खेळाडूला समारंभपूर्वक दिला जाई. ज्यांना मधुमेह होता तेही तो घेत आणि काचेच्या कपाटात ठेवत.

*

मी अण्णांना मैदानावर सोडायला जायची आणि गाडीत पुस्तक उघडून बसायची. वाचन काही होत नसे.

तो खेळ बघण्यासारखा होता. पळायचं नाही हा नियम सगळ्यांना जमला. अडचण दुसरीच होती. कुणी कुणाकडून चेंडू घेईना. वयाने मोठा माणूस चेंडू घेऊन येताना दिसला की समोरचा बाजूला सरके. दोघं एकाच वेळी चेंडूपाशी पोहोचले की "घ्या ना" आणि "छे छे, तुम्ही घ्या" सुरू होई. आमच्यात दोन व्याही होते, एकाच घरात राहणारे, एक मुलाचे वडील आणि एक मुलीचे. काकांनी त्यांना मुद्दाम विरुद्ध बाजूंना ठेवलं होतं. मुलीचे वडील चेंडू मिळाला की चालत जाऊन तो मुलाच्या वडिलांच्या पायाशी ठेवत. सवयच पडली होती, त्याला ते तरी काय करणार. पहिला सामना गोलाकडे एकही फटका न जाता संपला आणि सगळे अत्यंत समाधानाने घरी गेले.

काका शिट्टी वाजवून वाजवून थकत. "शिट्टी झाली की कोण कुणाचा व्याही न्हाई," ते ओरडत. "घरी जाऊन पाया पडा. हितं बॉल घ्या."

अण्णा पहिले पाच शनिवार बाकावर बसले. सब्स भरली, पण खेळले नाहीत. काकांनी त्यांना आग्रह केला नाही, हातात घड्याळ दिलं. वेळ सांभाळायचं काम. दुसऱ्या शनिवारी अण्णांनी एका कागदावर कोण किती मिनिटं खेळलं ते लिहून आणलं, आणि नागपूरच्या काकूंना विश्रांती मिळत नाही हे दाखवून दिलं. काकांनी तो कागद बराच वेळ वाचला. "हे कुठं शिकला?" अण्णा म्हणाले, कालव्यावर. मग दोघं बाकावर बसून खूप वेळ बोलले. एकाने आयुष्यभर बसच्या वेळा लावल्या होत्या, दुसऱ्याने पाण्याच्या. टोकाच्या गावाला बस काय आणि पाणी काय, सगळं उशिरा पोहोचतं, त्याच्यावर नेहमी अन्याय होतो ह्याबद्दल त्यांचं एकमत झालं.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आउटिंग ठरली. तो सोमवार दोन्ही देशांत सुटीचा असतो, आणि काका त्याला सतत बँक हॉलिडे म्हणत. सब्सच्या डब्यातून वर्षातून एकदा समुद्र, असा त्यांच्या गिरणीतला रिवाज होता. शाळेची एक पिवळी बस भाड्याने घेतली. काकांनी वेळापत्रक छापून वाटलं. त्यात पावसासाठी वेगळी सोय नव्हती. आदल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर पावसाचा इशारा आला, मुलं म्हणाली पुढच्या आठवड्यात करा, कॅन्सल करा. काका म्हणाले, पावसामुळे आउटिंग कॅन्सल करायची म्हटली तर इंग्लंडात कुणी समुद्रच बघितला नसता.

अडीच तासांनी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं. काकांनी ड्रायव्हरला सांगून बसचं तोंड समुद्राकडे करून घेतलं. कुणी उतरलं नाही. सगळ्यांच्या मांडीवर एकेक पुडकं आलं. काकडीची आणि हिरव्या चटणीची सँडविच, कडा कापलेली. थर्मासमधून चहा फिरला. काचेवर पाणी ओघळत होतं आणि वीस म्हातारी माणसं गप्प बसून पुढे बघत होती.

"आता काय करायचं?" मुलीच्या वडिलांनी शेवटी विचारलं.

"हेच," काका म्हणाले.

मी अण्णांच्या मागच्या सीटवर होते. काका त्यांच्या शेजारी. काही वेळाने काका समुद्राकडे बघतच म्हणाले, "आमची म्हणायची, दरसाल भिजत्या गाडीत बसायला कशाला एवढं लांब यायचं. आणि दरसाल तीच पहिली तयार असायची." ते काकूंबद्दल बोलताना मी एवढंच ऐकलं आहे.  अण्णांनी पुडकं उघडलं. मी सवयीने मोजलं. त्यांनी तीन सँडविच खाल्ली, आणि चौथं काकांच्या पुडक्यातून घेतलं.

पुढच्या शनिवारी ते घड्याळ बाकावर ठेवून मैदानात उतरले. खेळायला लागले, पण तिकीट उशीखाली होतंच. मी चादर बदलताना ते उचलून पुन्हा तिथेच ठेवत असे.

*

सप्टेंबरात शेजारच्या गावच्या वृद्धांच्या केंद्रातून निरोप आला. त्यांच्याकडेही असा खेळ सुरू झाला होता, सामना खेळाल का. काकांनी त्याच मिनिटाला होकार कळवला आणि मग तीन आठवडे झोप गमावली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सामना. अण्णांचं विमान त्यानंतर पंधरा दिवसांनी.

ती माणसं उंच होती. त्यांचे शर्ट एकसारखे होते. आमच्याकडे काकांनी इंग्लंडातून मागवलेले मफलर होते, ते त्या उकाड्यात सगळ्यांनी गळ्यात घातले. पंच त्यांच्या बाजूच्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. मुलं आणि सुना गाड्या लावून मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. नातवंडं इंग्रजीत ओरडत होती, गो आजोबा.

पूर्वार्धात कुणाचा गोल झाला नाही. उत्तरार्धात मुलाच्या वडिलांचा गुडघा धरला आणि त्यांच्या जागी अण्णा आले. शेवटची पाच मिनिटं राहिली होती. त्यांच्याकडचे सगळ्यात ज्येष्ठ, फ्रँक नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे येऊ लागले. पांढरे केस, मंद पावलं, चेहऱ्यावर हसू. आमचे लोक एकेक करून बाजूला झाले. एकाने तर हात जोडले. काका मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून त्यांचा आवाज आला.

"बॉल घ्या. आशीर्वाद नंतर घ्या."

अण्णा फ्रँकसमोर जाऊन उभे राहिले. "एक्स्क्यूज मी, सर," म्हणाले, आणि पायाने चेंडू काढून घेतला. फ्रँक थांबून बघत राहिले. त्यांच्याकडून गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही काढून घेतलं नसावं. अण्णा चालू लागले. कालव्याच्या कडेने चालायचे तसे, मान थोडी खाली, चेंडूवर नजर, एका वेगात. समोरचे दोघे उंच गृहस्थ आडवे आले. अण्णांनी थांबून दोघांना आपसात ठरवू दिलं आणि मधून निघून गेले. गोलापासून पाच पावलांवर ते थांबले. मला वाटलं आता हे कुणाला तरी घ्या म्हणणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी जवळ नव्हतं, आणि मग त्यांनी मारला.

चेंडू सावकाश गेला. गोलकीपर वाकेपर्यंत आत गेला होता.

मग मी काकांना पळताना पाहिलं. अख्खं मैदान ओलांडून, टोपी हातात, मफलर मागे उडत, शहात्तर वर्षांचा माणूस सरळ पळत आला आणि अण्णांना मिठी मारली. सगळे ओरडत होते. मीही ओरडत असणार, कारण नंतर घसा बसला होता.

मिठी सुटली तसा काकांचा चेहरा पडला. ते वळून पंच बाईंकडे गेले आणि इंग्रजीत म्हणाले की मी पळालो, फ्री किक त्यांची. बाई म्हणाल्या की गोल झाल्यावर खेळ थांबलेला होता, ह्याला फाउल म्हणत नाहीत, शिवाय मी पाहिलंच नाही. "मी पाहिलं, लव्ह," काका म्हणाले. वाद बराच वेळ चालला. आमचे लोक मराठीत विनवत होते, अहो काका, जाऊ द्या ना, दोनच मिनिटं राहिलीत. काका हलेनात. शेवटी बाईंनी हात वर केले आणि फ्री किक दिली.

ती फ्रँकनी घेतली. आमच्या गोलात नागपूरच्या काकू, पदर खोचलेला, पायात नातीचे गुलाबी बूट. फ्रँकनी बराच विचार करून चेंडू मारला. काकूंनी दोन्ही गुडघे जुळवले, चेंडू लुगड्यात अडकला, आणि त्या त्यावर बसल्या. शिट्टी झाली. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

लॉलीपॉप अण्णांना मिळाला. फ्रँकनी येऊन त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा कधी, असं विचारलं. त्या दिवशी काकांच्या क्लबने चार गोल खाल्ले. काकांना ते संध्याकाळी कळलं. बोंड कानातून केव्हा पडलं ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

घरी येताना गाडीत अण्णा लॉलीपॉपची काडी धरून बसले होते. सिग्नलला म्हणाले, "हे तुझ्या आईला सांगायला हवं होतं." फेब्रुवारीनंतर त्यांच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदा निघालं. सिग्नल हिरवा झाला होता, मागची गाडी वाट बघत होती, आणि मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले, पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली आणि उशीखालचा कागद टेबलावर ठेवला. "हे कॅन्सल केलं तर किती पैसे कापतात?"

मी आकडा सांगितला.

"बँक म्हणजे तेच की," अण्णा म्हणाले.

*

काकांचं एक वेड अजून सांगायचं राहिलं. इंग्लंड आणि अमेरिका घड्याळाचा काटा एकाच दिवशी बदलत नाहीत. वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा दोन्हींतलं अंतर एका तासाने कमी होतं. तेव्हा इंग्लंडात तीन वाजतात त्या वेळी कॅरीत दहा नव्हे, अकरा वाजलेले असतात. त्या आठवड्यांत काका अकराला येत. कुणाला न सांगता, कारण त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, तीन म्हणजे तीन. बाकीचे दहाला येऊन तासभर ताटकळत आणि चिडत.

सामन्यानंतर तीन आठवड्यांनी तो शनिवार आला. बाकीचे दहापासून उभे होते. मुलाचे वडील रागाने म्हणाले, "काका, आपण अमेरिकेत राहतो. दहा म्हणजे दहा." काका अकराला पार्कात शिरत होते, आणि त्यांच्याबरोबर, त्याच वेगाने चालत, अण्णा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आदल्या रात्री कागदावर हिशेब मांडला होता. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "टोकाच्या गावाचं पाणी."

जानेवारीत काका गेले. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये. अंत्यविधीला आम्ही सगळे मफलर घालून गेलो. तिथे कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही. दोन माणसांत, बँकेच्या रांगेतल्या गाड्यांसारखं, अंतर सोडून रांगेत उभे राहिलो, आणि त्यांच्या मुलाला त्याचं हसू आलं, मग रडू. नंतर त्याने शिट्टी आणि पत्र्याचा डबा अण्णांना आणून दिला. डब्यात तळाशी अण्णांनी दर शनिवारी दिलेल्या शंभराच्या नोटा होत्या. काकांनी त्या कधी भरल्याच नव्हत्या. अण्णांच्या नावाचा डॉलर दर आठवड्याला कुणी भरला ते उघड होतं. अण्णांनी नोटा मोजल्या नाहीत, झाकण लावलं.

मार्चमध्ये इथली घड्याळं एक तास पुढे गेली. त्यानंतरचा शनिवार. सकाळपासून कुणाचा मेसेज नव्हता. मी साडेनऊला गाडीची किल्ली घेतली. अण्णा चहा पीत होते. म्हणाले, "अजून वेळ आहे."

अकराला दहा मिनिटं असताना आम्ही पोहोचलो. पार्क रिकामं असेल अशी माझी समजूत होती. सगळे आले होते. कुणी दहाला आलं नव्हतं. नागपूरच्या काकू गोलात उभ्या होत्या, दोन्ही व्याही विरुद्ध बाजूंना. फ्रँक बाकावर बसले होते, डॉलर हातात घेऊन. अण्णांनी घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं थांबले आणि शिट्टी वाजवली. मुलीच्या वडिलांनी मुलाच्या वडिलांकडून चेंडू काढून घेतला.

अण्णा आता माझ्याकडेच राहतात. ते पुस्तक वाचून झालं. शनिवारी सकाळी दहाला मैदानावर वीस-बावीस माणसं असतात. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा ती अकराला असतात.